घरातला नाताळ कुणी सांभाळायचा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या एका भगिनीचे हे पत्र आहे. कुटुंब मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. सासरे होते तोवर चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी ते पेटी काढत आणि घरात मराठी भजने व नाताळगीते होत. मुले लहान असताना या भगिनींनी त्याला जोड म्हणून इंग्रजी नाताळपटांची प्रथा सुरू केली. तेवीस, चोवीस आणि पंचवीस अशा तिन्ही संध्याकाळी एकेक सिनेमा, आगेमागे इंग्रजी गाणी, सोबत करंज्या, चकल्या आणि केक. आता सतरा वर्षांचा, बारावीतला मुलगा हे सगळे बालिश ठरवतो आणि चोवीसला त्याला मित्रांबरोबर वांद्र्याला जायचे असते. बारा वर्षांच्या मुलीला मात्र तेच सिनेमे त्याच क्रमाने हवे असतात. सासूबाईंना इंग्रजी समजत नाही, त्या थोडा वेळ बसून आत जातात आणि म्हणतात, ‘‘यात सांता आहे, बर्फ आहे, ख्रिस्त कुठे आहे?’’ पती शेजारी असतात, पण डोळे फोनमध्ये. पत्राच्या शेवटी विचारले आहे : ‘‘माझ्या मुलांना एकही मराठी नाताळगीत पूर्ण येत नाही. आम्ही परक्यांची नक्कल करत बसलो का? ही प्रथा आता बंद करावी, की सगळ्यांना दटावून एकत्र बसवावे?’’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. सिनेमांविषयी, मुलाच्या हट्टाविषयी आणि सासूबाईंच्या शेऱ्यांविषयी तुम्ही सविस्तर लिहिले आहे, पण सासऱ्यांविषयी मात्र एवढेच लिहिले आहे की त्यांना जाऊन दोन वर्षे होतील आणि तेव्हापासून पेटी कपाटावर आहे. मला वाटते, तुमच्या घरातल्या कुरबुरीचे मूळ या एका वाक्यात असण्याची शक्यता बरीच आहे. पूर्वी त्या संध्याकाळी आधी गाणे होई आणि मग सिनेमा लागे. गाणे गेले, सिनेमा तेवढा राहिला. ज्या गोष्टीला तुम्ही जोड म्हणून आणले होते तिच्यावर आता सगळ्या सणाचा भार पडला आहे, आणि तो तिला पेलत नाही, यात सिनेमाचा दोष नाही आणि तुमचाही नाही. घरातला गाणारा माणूस गेल्यावर त्याची जागा कुणी घ्यायची हे ठरवायला तुमच्यापैकी कुणाला धीर झालेला नाही, इतकेच मला यातून दिसते.

तेव्हा बंद करावे की दटावावे, या दोन पर्यायांतून निवड करण्याआधी तुमच्या मनातल्या ‘परक्यांची नक्कल’ या शब्दांकडे नीट पाहू. हे शब्द तुम्हाला टोचत आहेत, पण ते कितपत खरे आहेत?

मराठीत ख्रिस्तजन्माची कथा गाण्याची रीत नवी नाही. मूळचे इंग्रज असलेले फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ओवीछंदात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावात ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा गायले गेले ते 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. तुमच्या माहेर-सासरच्या नगर भागाशी तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव कायमचे जोडलेले आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अभंग-ओव्यांच्या वळणाची जी भजने लिहिली, ती महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चच्या सभासद-समूहांतून) आजही पेटी-तबल्यावर गायली जातात, आणि तुमचे सासरे जी भजने म्हणत त्यांत त्यांची काही नक्कीच असतील. मुलांना हे सांगा. नाताळ ही इंग्रजीतली गोष्ट आहे आणि आपण ती मराठीत उतरवून घेतो, असा समज इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांचा सहज होतो, आणि त्याला घरातून कुणी हरकत घेतली नाही तर तो पक्का होतो.

मात्र या माहितीचे हत्यार करून सिनेमांवर चालून जाऊ नका, कारण सिनेमांच्या बाजूलाही सांगण्यासारखे आहे. नाताळला ठरावीक सिनेमे पाहण्याची अमेरिकेतली रीतसुद्धा अगदी अलीकडची आणि बरीचशी योगायोगाने पडलेली आहे. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा सिनेमा 1946 मध्ये आला तेव्हा त्याने खर्चही धड भरून काढला नाही. पुढे 1974 मध्ये त्याच्या हक्कांचे नूतनीकरण राहून गेले, दूरचित्रवाणी केंद्रांना तो जवळजवळ फुकट दाखवता येऊ लागला, दर डिसेंबरला तो पुन्हा पुन्हा लागत राहिला आणि पाहता पाहता घराघरांतली प्रथा झाला. सांगायचे ते हे की तिथल्या कुटुंबांनाही ही प्रथा वाडवडिलांकडून मिळालेली नव्हती. समोर आलेली एक चांगली गोष्ट त्यांनी आपलीशी केली, आणि तुम्हीही मुले लहान असताना तेच केलेत. तुमच्या मुलीला त्या सिनेमांचा क्रमसुद्धा पाठ आहे. जी गोष्ट मुलीच्या बालपणात इतकी रुजली तिला नक्कल म्हणणे हा तुमच्याच कष्टांवर अन्याय आहे.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळतो, कारण या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांनी विचारला आहे आणि मला त्यांचे म्हणणे अर्धे पटते. पुष्कळशा नाताळपटांत घरी परतण्याची धडपड असते, भेटवस्तू असतात, बर्फ असते, पण गोठा, मेंढपाळ आणि मरीयेचे बाळ नसते. ‘जिंगल बेल्स’मध्ये तर नाताळचा उल्लेखच नाही. 1857 मध्ये प्रसिद्ध झालेले ते बर्फावरच्या घसरगाडीचे गाणे आहे, सणाशी त्याचा संबंध नंतर जुळला. ज्या बाईंचा नाताळ आयुष्यभर उपासना, भजने आणि शुभवर्तमानाचे वाचन यांनी भरलेला होता, त्यांना तीन संध्याकाळी न समजणाऱ्या भाषेत हे पाहताना एकटेपणा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्या आत जाऊन झोपतात याचा अर्थ त्या रुसल्या आहेत असाच घेऊ नका. त्या खोलीत त्यांच्यासाठी काहीच चाललेले नसते, हेही त्याचे कारण असेल.

उरलेले अर्धे मात्र त्यांना दाखवून द्यावे लागेल, आणि ते पडद्यासमोर बसूनच दाखवता येईल. 1965 मधली ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ ही व्यंगचित्रफीत जेमतेम पंचवीस मिनिटांची आहे. नाताळ म्हणजे नेमके काय, असे वैतागून विचारणाऱ्या मुलाला त्याचा छोटा मित्र बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली मेंढपाळांची वचने तोंडपाठ म्हणून दाखवतो, हा तिचा गाभा आहे. ती लावा, त्या प्रसंगाशी थांबवा आणि सासूबाईंना तोच उतारा मराठी पवित्र शास्त्रातून मोठ्याने वाचायला सांगा, मग पुढे चालू करा. ‘होम अलोन’ मुलांना चोरांच्या फजितीसाठी आवडतो, पण त्यातला एक प्रसंग आजीबरोबर बसून पाहण्याजोगा आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये मुलांचे गायकवृंद गात असताना तो एकटा पडलेला मुलगा शेजारच्या म्हाताऱ्याजवळ बसतो, आणि तो म्हातारा त्याला सांगतो की आपले आपल्या मुलाशी वितुष्ट आले आहे, म्हणून नात गाताना तरी दिसावी यासाठी आपण इथे येतो. हा प्रसंग थांबवून मुलीने आजीला मराठीत समजावून सांगितला, तर सासूबाई त्यावर काय म्हणतात ते ऐका. मला खात्री आहे की त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ निघेल.

सिनेमा मध्येच थांबवायचा म्हटल्यावर मुले कुरकुरतील. कुरकुरू द्या. पाचव्यांदा पाहिल्या जाणाऱ्या सिनेमात पुढे काय होणार याची उत्सुकता नसते, त्यामुळे थांबण्याने काही बिघडत नाही.

आता तुमच्याविषयी. फराळ तुम्ही करता, केकचे सुके मेवे तुम्ही भिजवता, घरची साफसफाई, तारा आणि झाड तुम्ही लावता, सिनेमा कुठे मिळेल ते तुम्ही शोधता, आणि मग सगळे मजेत बसलेत ना, हेही तुम्हीच पाहता. या व्यवस्थेत घरातले बाकी सगळे प्रेक्षक झाले आहेत, आणि प्रेक्षकाला उठून जायला फारसे कारण लागत नाही. म्हणून दटावून बसवण्याने काही साधणार नाही. दटावून बसवलेला मुलगा म्हणजे नाराज प्रेक्षक. तुम्ही सोडून द्यायचेच असेल तर प्रथा सोडू नका, तिची मालकी सोडा. तीनपैकी दोन संध्याकाळी काय होणार हे यंदा तुम्ही ठरवायचे नाही, असे मनाशी पक्के करा आणि ते घरात स्पष्ट सांगा.

पहिली गोष्ट, तिन्ही सिनेमे तेवीस ते पंचवीस याच दिवसांत कोंबण्याची गरज नाही. नाताळचा काळ परंपरेने सहा जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनी) चालतो. सव्वीसनंतर तुमचा ओटा रिकामा असतो, करंज्यांचे डबे भरलेले असतात, शाळेला सुट्टी असते. मोठा, दोन तासांहून लांब सिनेमा त्या आठवड्यात पाहा. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ पाहणार असाल, तर त्यात नायक कर्जापायी जीव द्यायला निघतो हे लक्षात घेऊन मुलीबरोबर स्वतः बसा आणि नंतर त्यावर बोला. चोवीसच्या संध्याकाळी फक्त ती पंचवीस मिनिटांची फीत ठेवा, म्हणजे गाण्याला जागा राहील आणि रात्रीच्या उपासनेला वेळेवर निघता येईल.

गाण्याची तयारी मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही, ती आगमनकाळात होते. नाताळच्या आधीचे चार रविवार हातात असतात. चार कडव्यांचे एक मराठी गीत निवडा, ते सासूबाईंनाच निवडू द्या, आणि दर रविवारी दुपारच्या जेवणानंतर एकच कडवे शिका. त्यांनी एक ओळ म्हणायची, मुलांनी मागून म्हणायची. मुलीने शब्द वहीत देवनागरीत लिहून घ्यायचे आणि फोनवर आजीचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा. चाल अचूक आहे का, याची काळजी करू नका, त्यांच्या चालीत वळण वेगळे असेल तर तेच तुमच्या घराचे वळण. चौथ्या रविवारी एक गीत पूर्ण बसलेले असेल, आणि ‘मुलांना एकही गीत पूर्ण येत नाही’ हे तुमचे वाक्य त्या दिवशी खोटे ठरेल. पुढल्या वर्षी दुसरे घ्या.

पेटीचे काय करायचे, हे तुम्ही एकटीने ठरवू नये. ती तुमच्या पतींच्या वडिलांची आहे. फोनमध्ये डोके घालून बसणाऱ्या या माणसाविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे आणि त्या ओळीत राग आहे, तो मी समजू शकतो. पण ज्या खोलीत वडील पेटीवर बसत तिथे टीव्ही लागलेला पाहणे त्यांना कसे वाटत असेल, हे त्यांना कुणी विचारले आहे का? त्यांना पेटी येते का, लहानपणी वडिलांनी दोन-चार भजने बोटांत बसवली होती का, हेही पत्रात नाही. सिनेमाचा विषय न काढता, एखाद्या निवांत रात्री फक्त एवढेच म्हणा की पेटी खाली काढून पाहू या. दोन पावसाळे तिने कपाटावर काढले आहेत, ठाण्याच्या दमट हवेत तिला तपासण्याची गरज आहेच. एकही पट्टी न दाबता भाता मारून पाहा. हवा धरून न ठेवता तो लगेच ढिला पडला तर कुठेतरी गळती आहे, आणि हात न लावलेला एखादा सूर आपोआप वाजत राहिला तर पट्टी अडकली आहे. स्वतः उघडून काही करू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या, आणि नोव्हेंबरमध्येच द्या. पती वाजवायला तयार झाले नाहीत तर आग्रह धरू नका. पेटीवाचूनही गाता येते, टाळी आणि सासूबाईंच्या गळ्याला सोसेल तो सूर एवढे पुरते. ‘सायलेंट नाइट’सुद्धा पहिल्यांदा गायले गेले तेव्हा दोन आवाज आणि साथीला गिटार एवढाच जामानिमा होता. पाद्री योझेफ मोहर यांनी लिहिलेल्या शब्दांना शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर यांनी चाल लावली होती, तीसुद्धा एका लहानशा गावच्या चर्चसाठी.

मुलीच्या हट्टाकडे कृपा करून बालहट्ट म्हणून पाहू नका. घरात ही प्रथा मनापासून राखणारी सध्या ती एकटीच आहे. आजोबा गेल्यानंतर सगळे जसेच्या तसे असावे असे तिला वाटत असेल, तर तिच्या दुःखाची ती भाषा असू शकते. तुम्ही बदल करणार आहात हे तिला आधी सांगा, आणि एक संध्याकाळ पूर्ण तिच्या हाती द्या : तिचा सिनेमा, तिचा क्रम, त्याआधीची इंग्रजी गाणीही तिच्याच पसंतीची. त्या संध्याकाळी कुणी ख्रिस्त कुठे आहे असे विचारायचे नाही आणि कुणी बालिश म्हणायचे नाही, हा नियम सासूबाईंना आणि मुलाला, दोघांना सारखाच लागू करा.

इथे थोडे थांबून इतर वाचकांशी बोलतो, कारण अशाच आशयाची पत्रे ख्रिस्ती नसलेल्या घरांतूनही येतात. आपल्या संकुलांमध्ये नाताळचे झाड लागते, शाळेत कॅरोल बसवले जातात आणि मुले घरीही नाताळचे सिनेमे मागतात. मग आजी-आजोबा म्हणतात की हा आपला सण नाही. अशा घरांत सिनेमा पाहण्याने कुणाचा धर्म जात नाही, पण मुलांना तो सण शेजाऱ्यांचा आहे, त्यामागे एक श्रद्धा आहे, हे सांगणे पालकांचे काम आहे. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्या मूळ ख्रिस्ती समाजाच्या जुन्या वस्त्या आहेत, शेजारी वसई आहे, आणि तिथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची भाषा मराठीच आहे. मुलांना बर्फातला नाताळ पडद्यावर दाखवताना आपल्या गावातला नाताळही दाखवावा, ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे फराळाला बोलावले तर आवर्जून जावे, आणि ते काय गातात ते ऐकावे.

राहिला तुमचा मुलगा. बारावीचे वर्ष आहे, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे, आणि सतराव्या वर्षी आई-बहिणीबरोबर सोफ्यावर बसून मुलांचे सिनेमे पाहणे कुणालाही अवघड वाटते. तो सणाला नाही म्हणतो आहे असे मला वाटत नाही. लहान मुलाच्या जागी बसायला तो नाही म्हणतो आहे, म्हणून त्याला मोठ्या माणसाची जागा द्या. आवाज, पडदा, मोबाइलवरून गाणी लावणे ही यंत्रांची बाजू त्याच्याकडे सोपवा, आजीच्या ध्वनिमुद्रणातली खरखर काढून ते सगळ्या नातेवाइकांना पाठवण्याचे कामही त्यालाच सांगा. सव्वीसनंतरचा एक सिनेमा त्याने निवडावा, तो नाताळचा असलाच पाहिजे असेही नाही. आणि चोवीसला त्याला वांद्र्याला जायचेच असेल तर जाऊ द्या. त्याच्याकडून एवढेच मागा की संध्याकाळी सात ते आठ तो घरी असेल, भजन म्हणेल, आणि मग निघेल. त्या रात्री वांद्र्याच्या रस्त्यांवर प्रचंड गर्दी असते, तेव्हा परत येताना शेवटच्या लोकलवर विसंबू नको, कुणाबरोबर आणि कसा येणार ते आधी ठरव, हेही त्याच्याशी बोला, आणि हे बोलणे पतींकडे सोपवा.